घरात रोज भांडण: कॅरीबॅग, टाकी, एसी, कबुतरं... खरा फरक नक्की कशानं पडतो?

राजेंद्रनगर_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. मुलाच्या शाळेतून एक कागद आलाय, "पृथ्वीसाठी वीस गोष्टी", त्यातल्या पाच घरच्यांनी मिळून निवडायच्या, खाली सगळ्यांच्या सह्या आणि मग महिनाभर रोज टिक करायची. आठवीत आहे तो, मार्क आहेत याला, म्हणून टाळता पण येत नाही. रविवारी पोहे झाल्यावर सगळे बसलो आणि पाच जाऊ द्या, एकावरही एकमत झालं नाही.

सासूबाईंचं म्हणणं, आपल्याकडे कचरा सहा प्रकारात वेगळा होतो, गाडीवाला पण आपल्या घराचं नाव काढतो, इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत उगीच नंबर वन येत नाही, अजून काय करायचं. ह्यांचं म्हणणं कॅरीबॅग पूर्ण बंद, स्ट्रॉ बंद, आणि हे भाषण चाललंय ते एसी १८ वर लावून अंगावर रजई घेऊन. मे महिन्यात रजई! सासरे म्हणाले माझं नाव वन्यजीव म्हणून लिहा, कारण ते रोज सकाळी गच्चीवर दोन ओंजळी ज्वारी टाकतात आणि पन्नासेक कबुतरं येतात. आणि तेवढ्यात खिडकीबाहेर धबधबा सुरू, कारण नळाला नर्मदेचं पाणी यायचा दिवस होता, मोटर लावून मी विसरले होते (हो, मीच), टाकी भरून वाहायला लागली. तर सासूबाई म्हणाल्या वाया कशाला घालवायचं आणि पाइप लावून अंगण, ओटा, स्कूटर सगळं धुऊन काढलं. मुलगा वही घेऊन बघत बसलेला.

मला खरंच विचारायचंय, त्या वीस गोष्टी सगळ्या एकाच मापाच्या लिहिल्यात, दात घासताना नळ बंद आणि विमान प्रवास कमी, दोन्हीला एकच टिक. असं कसं असेल? कुणाला वजन माहीत आहे का? आणि कबुतरांचं पुण्य यात धरायचं की नाही, हा प्रश्न घरात फार नाजूक आहे.

सराफा_रात्री_बारा

भिया, नंबर वन शहरात राहता आणि अजून टेन्शन घेता? ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, त्या गॅसवर सिटी बस चालते, आपण जिलबी खायची, उरली तर तीही बसमध्ये. मतलब आपलं खाणंच पर्यावरणासाठी आहे 😄

(वहिनी, रजई तरी धुवायला टाकू नका त्याच पाइपानं.)

गच्चीवरची_टाकी

मी वीज खात्यातून रिटायर झालोय, पंप आणि मोटरा यांच्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे टाकीचं वाचून राहवलं नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे, त्या यादीत वजनच नाही. मी घरगुती हिशेब देतो, मोटामोटी आहे, पण कुठलं शून्य कुठं लागतं ते कळेल.

आधी तुमचं वाहून गेलेलं पाणी. आपल्या नळाला नर्मदा येते ती जलूदहून, सत्तरेक किलोमीटर लांब, मंडलेश्वरच्या बाजूला. नदी तिथं समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटरवर आणि इंदूर साडेपाचशेवर, म्हणजे हे पाणी घाट चढून येतं. १९७० साली याच पाण्यासाठी शहरानं आंदोलन केलं होतं, माझे वडील गेले होते त्यात, आणि त्यांची पिढी एक लोटा पाणी सांडलं तरी हात उगारायची. आता हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायचं तर नुसत्या शास्त्राप्रमाणं एक युनिटच्या थोडी वर वीज लागते, पंपाचं नुकसान धरलं की दीडच्या पुढे, पाइपातलं घर्षण धरलं की अजून वर. आपण दीड-पावणेदोन धरू. तुमची टाकी वीस मिनिटं वाहिली असेल तर चार-पाचशे लिटर गेले, म्हणजे पाऊण युनिट. अंगण धुतलं त्याचं अर्धा युनिट वेगळं नका धरू, ते वाहतंच होतं, सासूबाई इथं बरोबर आहेत.

आता एसी. दीड टनाचा मेमध्ये तासाला सव्वा युनिट खातो असं धरा, रात्रीचे आठ तास, दहा युनिट. एका रात्रीत. म्हणजे तुमची टाकी तेरा वेळा वाहिली पाहिजे तेव्हा ह्यांच्या एका रात्रीच्या रजईची बरोबरी होईल. आपल्या देशात एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण अजून बरीचशी वीज कोळशाची. तर मे महिन्याचा एसी झाला दोनशे किलोच्या आसपास. घरातलं सगळं पाणी, रोजचे सहाशे लिटर धरले तरी, महिन्याला वीस किलो. कार घेऊन एकटे ऑफिसला, रोज वीस किलोमीटर, पंचवीस दिवस, पंधराचं ॲव्हरेज: तेहतीस लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, झाले पंच्याहत्तर किलो. आणि कॅरीबॅग? रोज दोन पातळ पिशव्या, काही ग्रॅमच्या, माझ्या अंदाजानं महिन्याला एक-दोन किलो. म्हणजे घरात सगळ्यात जास्त भांडण ज्याच्यावरून होतं ते हिशेबात सगळ्यात खाली.

पिशव्या वापरा असं म्हणत नाहीये, लगेच उड्या मारू नका कुणी.

जाता जाता एक, महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांकडून ग्रीन बाँडचे २४४ कोटी उभे केले ते जलूदच्या ६० मेगावॉट सोलर प्लांटसाठीच. म्हणजे शहराला स्वतःच्या पंपांचं बिल कळतं. आपल्याला फक्त नळाचं ठरलेलं बिल येतं, त्यामुळे किती वाहिलं ते कुठंच दिसत नाही.

राजेंद्रनगर_सून

काका 🙏 हे मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. "तेरा टाक्या" ऐकून सासूबाईंनी ताटावरूनच ह्यांच्याकडे असं बघितलं की बस. ह्यांचा बचाव असा आहे की १८ वर लावला तर खोली लवकर थंड होते, मग बंद करता येतो. खरं आहे का हे?

गच्चीवरची_टाकी

नाही हो. १८ हा वेग नाही, तो थांबायचा आकडा आहे. साधा एसी १८ वर लावा की २४ वर, कॉम्प्रेसर त्याच जोरानं चालतो, २४ ला पोचला की दम घेतो आणि १८ वाला मेच्या रात्री बिचारा पोचतच नाही. इन्व्हर्टरवाला सुरुवातीला जरा जास्त जोर लावेल, पण सगळी रात्र तसाच राबत राहील. बंद करतो म्हणणारे किती जण उठून बंद करतात ते रजईवरून कळलंच. एक डिग्री वर नेली की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं वीज बचतीचा सरकारी ब्युरो सांगतो, म्हणून तर जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू केला की २४ वरच सुरू होतो, पुढचं कर्म आपण रिमोटनं करतो. २४ आणि पंखा दोनवर, करून बघा आठवडाभर. आणि सर्व्हिसवाला दरवर्षी "गॅस भरावा लागेल" म्हणत असेल तर आधी लीक शोधायला लावा. आताच्या बऱ्याच एसीत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो हवेत सुटला तर किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सहाशेपट भारी. जुन्या आर-४१० ए चं तर दोन हजारपट. हे त्या वीस कलमी यादीत नसणार, पैज लावतो.

तीन_खोल्या

सगळं बरोबर असेल काका पण मला हे वाचून जरा राग आला, सांगूनच टाकतो. आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे, दोन खोल्यांत मिळून एक, आणि एक सेकंडहँड स्कूटर. माझ्या मुलीच्या शाळेतून पण असाच कागद आला आणि तिनं विमान प्रवास कमी करण्यावर टिक केली, कारण आम्ही कधी बसलोच नाही 😂 फुकटचा मार्क. मुद्दा असा की या याद्या ज्यांच्यासाठी असायला पाहिजेत ते लोक कॅरीबॅग सोडून मोकळे होतात, आणि कोळशाचं, मोठ्या गाड्यांचं, सगळ्या कॉलनीत गल्लीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले त्याचं कुणी नाव काढत नाही. आमच्या गल्लीत एक कडुलिंब होता, त्याच्या बुडाशी फरशी आवळून बसवली, दोन उन्हाळ्यांत वाळला. आता तिथं दुपारी उभं राहवत नाही आणि समोरच्यांनी एसी घेतला. त्या एसीचं बाहेरचं तोंड आमच्या खिडकीकडे आहे.

गच्चीवरची_टाकी

यावर मी वाद घालणार नाही. माझा हिशेब एसीवाल्यांसाठीच होता. कूलर दोनशे वॅटच्या आसपास, तुमच्या कूलरची रात्र म्हणजे दीड युनिट. तुम्ही टिक न करता जिंकलात.

सिरपूर_पहाट

उशिरा आले. मी सुदामानगरला राहते आणि बारा वर्षं झाली, हिवाळ्यात आठवड्यातून तीनदा तरी सिरपूरच्या तलावावर जाते, दुर्बीण घेऊन, म्हणून वन्यजीवांबद्दल मी बोलते. काकांचा हिशेब उत्तम आहे पण तो एका वहीचा आहे, कार्बनच्या. पक्ष्यांची वही वेगळी ठेवावी लागते. एका वहीत जे किरकोळ आहे ते दुसरीत डोंगराएवढं असू शकतं. कॅरीबॅगच घ्या, कार्बनमध्ये दोन किलो, पण तीच पिशवी नाल्यातून तलावात आली किंवा गाईच्या पोटात गेली की तिथं तिचं वजन कोण करणार. मांजा तर अजून हलका. चायना मांजावर हरित न्यायाधिकरणाची २०१७ पासून बंदी आहे, तरी दर संक्रांतीनंतर मला तलावाच्या बाभळीत तो दिसतो. मागच्या वर्षी एक ढोकरी (छोटा बगळा) दिसली, पायाला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक फांदीला. ती उडायची, हातभर जायची, ओढली जाऊन परत फांदीवर. आम्ही शिडी आणेपर्यंत ती उडायची थांबली होती, नुसती बसून चोच उघडी ठेवून बघत होती. सुटली, पण उडताना पाय लोंबत होता.

आता कबुतरं. वहिनी, सासऱ्यांना हे वाचून दाखवू नका, तुमच्या शब्दांत सांगा. ज्याला आपण कबुतर म्हणतो तो पारवा, त्याला आपल्या मदतीची बिलकुल गरज नाही. २०२३ चा देशभरच्या पक्ष्यांचा अहवाल आला त्यात ज्या मोजक्या पक्ष्यांची संख्या वाढतेय त्यात हा आहे, बाकी कितीतरी घटतायत. दाणे टाकले की पारव्यांची गर्दी होते, इमारतीतला प्रत्येक कोनाडा ते घेतात, आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत गेली की काही लोकांना फुप्फुसाचा चिवट आजार होतो. गच्ची झाडताना तोंडाला फडकं बांधायला सांगा त्यांना, एवढं तरी. लोकांना वाटतं ज्वारी टाकली की चिमण्या येतील. येतात मोठ्या, पण चिमणीचं पिल्लू पहिले काही दिवस दाण्यावर जगत नाही, त्याला अळ्या आणि किडे लागतात. ते किडे कुठं असतात? अंगणातल्या मातीत, कुंपणाच्या मेंदीत, तण वाढलेल्या कोपऱ्यात. तीन_खोल्या यांनी पेव्हर ब्लॉकचं लिहिलं ना, तेच. अंगणात फरशी आणि गुलाबावर फवारा, मग चिमण्या गेल्या म्हणून मोबाइल टॉवरला शिव्या द्यायच्या.

सिरपूरला पण तेच होतं, प्रेमानं मारतात. लोक गाडीतून ब्रेडचं पाकीट घेऊन उतरतात, कणकेच्या गोळ्या टाकतात माशांना. उरलेलं तळाशी कुजतं. कॉलनीतल्या साबणाचं पाणी नाल्यातून आलं की जलकुंभीला खतच, एका पावसाळ्यात चादर पसरते आणि मग कमळपक्ष्याला चालायला जागा असते पण बदकांना उतरायला मोकळं पाणी राहत नाही. हा तलाव आज आहे तोच मुळात काही लोकांनी वर्षानुवर्षं चिकटून राहून वाचवला म्हणून, आपले भालू मोंढे, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांचं नाव इथल्या प्रत्येक पक्षीवाल्याला माहीत आहे. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही तलाव रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेले, जानेवारी २०२५ मध्ये शहरालाच पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, उदयपूर आणि आपण, देशातले पहिले दोन. पाट्या लागल्या. ब्रेडची पाकिटं पण वाढली, कारण आता लोक बघायला येतात ना.

आणि यशवंत सागरवर सारस आहेत. माणसाच्या खांद्याएवढा उंच पक्षी, पण घरटं उथळ पाण्यात, गवताच्या ढिगावर. पाणी एकदम चढलं तर अंडी बुडतात, एकदम उतरलं तर कुत्री चालत पोचतात. त्या तलावाचं पाणीही शहराला येतं. काकांच्या वहीत वाहून गेलेली टाकी पाऊण युनिट आहे, माझ्या वहीत ते कुणाच्या तरी पायाखालचं पाणी आहे. मी हे जरा ओढूनताणून बोलतेय, मला माहीत आहे, तुमची टाकी बहुतेक नर्मदेची. पण असो.

सराफा_रात्री_बारा

जलकुंभी नाही ताई, शुद्ध मराठीत जलपर्णी. पुण्याची मावशी रागावते.

सिरपूर_पहाट

मावशीला म्हणावं आमच्या तलावात ती जलकुंभी म्हणूनच वाढली 🙂

पंगतवाला

मी केटरिंगमध्ये आहे, लग्न-मुंजी, त्यामुळे वरच्या जिलबीवाल्या भियाला उत्तर द्यायचंय. देवगुराडियाचा तो गॅसचा प्लांट मी आतून बघितलाय, २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची ताकद आहे, आणि खरंच चांगली गोष्ट आहे, पूर्वी तिथं कचऱ्याचा डोंगर होता आणि वारा फिरला की नाक धरावं लागायचं. पण "वाया गेलं तरी गॅस होतो" हे वाक्य मी इतक्या यजमानांच्या तोंडून ऐकलंय की आता हसू येत नाही. एक किलो श्रीखंड टाकलं तर त्यातून गॅस किती मिळणार आणि ते श्रीखंड व्हायला लागलं किती! दूध, म्हणजे म्हैस, म्हशीच्या ढेकरेतला मिथेन, तिचा चारा, मग चक्का, साखर, फ्रीज, टेंपो. ते सगळं आधीच खर्च होऊन गेलंय. गॅस म्हणजे हजाराची नोट जाळून हात शेकणं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणवाल्यांनी २०२४ मध्ये आकडा दिला होता, २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं जास्त हॉटेलात नाही तर घरांमध्ये. वाया जाणाऱ्या अन्नाचा वाटा जगाच्या हरितगृह वायूंत ८ ते १० टक्के धरतात. मी रोज बघतो ते सांगतो. पंगत होती तेव्हा वाढपी विचारायचा, नको म्हटलं की पुढं जायचा, पानात टाकलं तर आजी डोळे वटारायची. बुफे आला आणि लाज गेली. पाचशे माणसांच्या बुफेत मी मागं उभा राहून बघतो, तीन प्रकारची पनीरं, चायनीज, चाट, आणि बशीत निम्मं तसंच. मध्ये एका यजमानांना म्हटलं बासष्ट पदार्थ नको, बावीस करू, पैसे पण वाचतील. ते म्हणाले लोक काय म्हणतील. मग मी एकच गोष्ट करायला लागलोय, बशा लहान आणल्या. कुणाला सांगितलं नाही. टाकलेलं डोळ्यांनी दिसण्याइतकं कमी झालं, ड्रम मोजले तर आधी चार जायचे तिथं तीन. कुणी तक्रार केली नाही, फक्त एक काका म्हणाले बशी तिरकी होते.

तीन_खोल्या

बशीचं आवडलं. हे यादीत पाहिजे होतं.

राजेंद्रनगर_सून

कालच्या रविवारी दुसरी बैठक झाली, रिपोर्ट देते. मुलानं तुमचं सगळं वाचून स्वतःच दोन रकाने केले, एक काकांची वही, एक सिरपूरच्या ताईंची. शाळेचा छापील कागद मागं चिकटवलाय. मार्क मिळतील की कापतील देव जाणे.

एसी २४ वर गेला. ह्यांनी पहिल्या रात्री तीनदा उठून रिमोट बघितला, चौथ्या रात्रीपासून रजई कपाटात. शुक्रवारी ऑफिसला सिटी बसनं जाऊन बघतो म्हणाले, ते शुक्रवार आल्यावर बघू. दिवाळीत मुंबईला नणंदेकडे जायचंय ते विमानाऐवजी अवंतिका एक्सप्रेसनं, हे मात्र पक्कं, तिकीट उघडलं की काढते. माझ्या वाट्याला आलं उरलेलं अन्न, कारण फ्रीजमध्ये मागच्या बाजूला तीन दिवसांची आमटी सापडली आणि ती माझीच होती. सासूबाईंनी सहा डबे यादीत लिहायला ठाम नकार दिला, म्हणाल्या ते आपण करतोच, त्याची टिक घेणं म्हणजे आंघोळ केली म्हणून बक्षीस मागणं. त्याऐवजी मागच्या अंगणातल्या चार फरश्या काढून माती मोकळी करायची परवानगी दिली. चार. पाचवी तुळशीपाशी आहे, ती नाही.

सासऱ्यांचं सांगते. मी तुमच्या शब्दांत काही सांगितलंच नाही, नातवानं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तर मातीचं पसरट भांडं पाण्याचं भरून ठेवलेलं, त्यात मध्ये एक दगड, लहान पक्ष्यांना बसायला. ज्वारी पण होती. एक ओंजळ. मी बघितलं आणि त्यांनी बघितलं मी बघितलं ते. म्हणाले, "एकदम बंद केलं तर ती बिचारी वाट बघतील ना गं."

सिरपूर_पहाट

एक ओंजळ चालेल. भांड्यातलं पाणी मात्र रोज बदला, डास होतात.

गच्चीवरची_टाकी

सगळं ठीक, पण टाकीचं काय केलंत ते लिहिलं नाही.

राजेंद्रनगर_सून

बॉल कॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करतो तो) आणून ठेवलाय काका, सियागंजातून, पितळी. प्लंबर तीन दिवस "येतोच" म्हणतोय. आज परत नर्मदेचा दिवस आहे, मोटर लावून मुलाला गच्चीवर बसवलंय वही घेऊन, भरली की ओरड म्हणून.